लीड्समध्ये खोली: सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेत नाहीत, जामीनदार कुठून आणू?

सातारकर_आई
मुलगा सप्टेंबरात एमएस्सीसाठी लीड्सला चाललाय. त्याच्या मावसभावाने तिथे सहा महिन्यांचं भाडं एकरकमी भरून किल्ली घेतली होती. आम्हीही शैक्षणिक कर्जातून तेवढी रक्कम बाजूला ठेवली. आता एजंट म्हणतो, आगाऊ भाडं कायद्याने बंद, इंग्लंडमध्ये राहणारा जामीनदार द्या. आमचं तिथे कुणी नाही. खरं बोलतोय की टोपी घालतोय?

हेडिंग्लीचे_काका
ताई, खरं बोलतोय. माझं इथे विद्यार्थ्यांना दिलेलं पाच खोल्यांचं घर आहे, त्यामुळे सगळं अंगावर आलंय. १ मे २०२६ पासून करारावर सही होण्याआधी मला एक पौंड भाडं घेता येत नाही, सहीनंतर फार तर एका महिन्याचं. डिपॉझिट वेगळं, बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंत, तेही सरकारमान्य योजनेत ठेवायचं. नियम भाडेकरूच्या भल्यासाठी केला, पण भारतातून येणाऱ्या पोराची इथली पत म्हणजे हातातली रोकड, नेमकी तीच निकामी झाली. भाडं थकवून तो परत गेला तर मी साताऱ्यात कुणाच्या दारात बसू? म्हणून जामीनदार.

मुदतीचे करारही गेले. मुलगा दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकतो. पण पाच जणांचा एकच करार असेल आणि एकाने नोटीस दिली, तर पाचही जणांचा करार संपतो! हे पोरांना कुणी सांगत नाही. त्याला आधी तेच विचारायला लावा.

मलाही आता कारणाशिवाय घर रिकामं करून घेता येत नाही. विद्यार्थ्यांच्या सामायिक घरांपुरतं घर परत मागण्याचं ४-ए हे कलम कायद्यात आहे: चार महिन्यांची नोटीस, ताबा जून ते सप्टेंबरात. मात्र राहायला येण्याच्या सहा महिन्यांहून आधी करार केलेला असेल तर ते वापरता येत नाही. इथे नोव्हेंबरातच पुढच्या जुलैच्या घरांसाठी झुंबड उडायची. ती कमी झाली तर बरंच.

फोडणी_आणि_अलार्म
काकू, खासगी विद्यार्थी वसतिगृहं बघा. सरकारमान्य संहितेत नोंदलेल्या इमारतींना हे नियम लागू नाहीत, तिथे मोठी रक्कम आगाऊ घेऊ शकतात. पण करार मुदतीचा, मध्येच सोडलं तरी भाडं मानगुटीवर. मी तिथेच राहते. महाग आहे, आणि मोहरी तडतडली की अलार्म बोंबलतो. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्याही आहेत, पण ती फी परत मिळत नाही.

सातारकर_आई
एजंटचा आताच मेसेज आला: जाहिरातीपेक्षा महिन्याला पन्नास पौंड जास्त द्या, जामीनदाराचं सोडून देतो.

हेडिंग्लीचे_काका
तेही बंद आहे, ताई. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तुम्ही आपणहून दिलं तरी घेता येत नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार लीड्स कौन्सिलकडे करता येते. आणि हा एजंट सोडा.