मदत हवी आहे: मुसोलिनीच्या लेकीवरचा लेख अडलाय

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मुसोलिनीची थोरली मुलगी एद्दा चानो हिच्यावर लेख लिहायला घेतलाय. विषय मीच मागून घेतला, आता निम्म्यात रुतलेय.

पूर्वार्ध भराभर झाला. १९३० साली गालेआत्सो चानोशी लग्न, १९३६ मध्ये नवरा परराष्ट्रमंत्री. मग काय, रोममधल्या बड्या लोकांची ऊठबस हिच्याभोवती. आक्वासान्ताच्या गोल्फ क्लबात घोळका, पत्त्यांवर पैसे उधळणं. बापाचा पक्ष बायकांना चूल-मूल शिकवतोय आणि लेक पँट घालून, सिगारेट ओढत मोटार हाकतेय! जुलै १९३९ मध्ये तर 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकली.

घोडं अडतं ते १९४३ पाशी. जुलैमध्ये फॅसिस्ट ग्रँड कौन्सिलने, म्हणजे मुसोलिनीच्याच पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, १९ मतांनी मुसोलिनीविरुद्ध ठराव केला, त्यात जावयाचंही मत होतं. पुढे जर्मनांनी कैदेत पडलेल्या सासऱ्याला सोडवून उत्तर इटलीत पुन्हा गादीवर बसवलं आणि जावई वेरोनाच्या तुरुंगात गेला. एद्दाने जर्मनांपुढे सौदा ठेवला: नवरा सोडा, त्याच्या डायऱ्या घ्या. तो फिसकटला. ९ जानेवारी १९४४ ला डायऱ्या कपड्यांआड कमरेला बांधून ती सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरली. ११ तारखेला चानोला खुर्चीला बांधून पाठीत गोळ्या घातल्या. बापाने जावयाला वाचवलं नाही.

हे वाचून माझ्या बहिणीचे डोळे भरून आले आणि मला तेच खटकतंय. मे १९४० मध्ये हीच बाई बापाकडे जाऊन, तटस्थ राहणं लाजिरवाणं आहे, युद्धात उतरा, असं सांगत होती. नोंद खुद्द नवऱ्याच्या डायरीत आहे आणि तो तेव्हा युद्ध नको म्हणणाऱ्यांत होता. बरं, नुसती मिरवणारी म्हणून सोडून द्यावं तर तसंही नाही. रेड क्रॉसची नर्स म्हणून गेली होती. मार्च १९४१ मध्ये अल्बेनियाच्या किनाऱ्याजवळ 'पो' हे रुग्णालय-जहाज बुडालं तेव्हा त्यावरच होती, कशीबशी वाचली.

शब्दमर्यादा १५०० आहे. सुरुवात कुठून करू? आणि इटलीत लढलेल्या आपल्या मराठा पलटणींचा उल्लेख करावा, की ते ओढूनताणून वाटेल? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, मे १९४० पासूनच सुरू करा. बाप-लेकीची ती भेट आधी आली की पुढच्या हालअपेष्टा वाचताना वाचक आपोआप सावध राहील. मेजवान्या एका परिच्छेदात उरका, त्यांत फार रमू नका. जहाज मात्र सविस्तर घ्या.

पलटणींचं ओढूनताणून नाही. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे चानोच्या मृत्यूनंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. वेगळी चौकट करा, मजकुरात मिसळू नका.

डायऱ्यांचं पुढे काय झालं तेही हवं. त्या अमेरिकन वर्तमानपत्रात छापून आल्या आणि न्यूरेम्बर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरल्या गेल्या. एद्दा स्वतः लिपारी बेटावर नजरकैदेत होती, पण १९९५ पर्यंत जगली.

खर्डा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नजर टाकतो.