डायना मातीची की झ्यूसची लेक?

भावा, "सिनेमावाले सरळ नव्या रीबूटवरनं उचलतात" हे तुझं म्हणणं अर्धंच खरं. (रीबूट म्हणजे कॉमिक्स कंपनीनं पात्राची जुनी गोष्ट पुसून ती नव्यानं सुरू करणं.) २०१७ चा 'वंडर वुमन' परत बघ. जुन्या कॉमिक्समधली डायना, म्हणजेच वंडर वुमन, मातीच्या मूर्तीतनं जन्मलेली, १९८७ च्या रीबूटनंही ती माती ठेवली. २०११ च्या 'न्यू ५२' या डीसी कंपनीच्या रीबूटनं तिला ग्रीक देवराज झ्यूसची लेक केलं. सिनेमात आई आधी मातीची गोष्ट सांगते आणि शेवटी युद्धदेव एरिस खरं काय ते फोडतो. म्हणजे जुना उगम लपवण्यापुरता, नवा धक्क्यासाठी. आपल्याकडं तांबडा-पांढरा आलटून-पालटून ओरपतात, तसलंच हे.

डीसीचाच 'शझाम' (२०१९) मात्र बऱ्यापैकी नव्यावरच. अनाथ पोरं सांभाळणाऱ्या घरातली (फॉस्टर होम) सहा पोरं 'न्यू ५२'मधली. ती कथा 'जस्टिस लीग' कॉमिकच्या ७ ते २१ अंकांदरम्यान तुकड्यातुकड्यानं आली, त्यामुळं सुटे अंक घेणाऱ्याची लिंक तुटते. एकत्रित खंडच घ्या.

मार्व्हलचं गणित वेगळं. तिथं मूळ जग न पुसता शेजारी 'अल्टिमेट' जग काढलं. सॅम्युअल जॅक्सनच्या चेहऱ्याचा हेरप्रमुख निक फ्युरी तिथला, २०१२ च्या 'ॲव्हेंजर्स'मधले परग्रहवासी चितौरीही तिथलेच. पण त्याच सिनेमात लोकी खलनायक, आणि ते थेट 'ॲव्हेंजर्स' कॉमिकच्या १९६३ च्या पहिल्या अंकातलं.