ओल्या पायाचा ठसा बघून बूट ठरवायचे?

सपाटपाऊल: "पाय ओला करा, कागदावर ठसा बघा, कमान दिसली नाही तर मोशन कंट्रोलच (सपाट पाऊल आत वळू नये म्हणून आधार देणारे कडक बूट) घ्या, नाहीतर गुडघे गेले समजा." कालचा हा सल्ला वाचून डोकंच फिरलं. माझा ठसा म्हणजे अख्खी वीट. हेच ऐकून दोन वर्षं दगडासारखे बूट घालून पळलो, नडगी ठणकायची ती ठणकतच राहिली. शेवटी चार जोड घालून प्रत्यक्ष पळून पाहिलं, पायाला बरा वाटला तो घेतला. साधा न्यूट्रल, म्हणजे तसला आधार नसलेला, निघाला. अहो, ठसा उभ्या पायाचा. पळताना पाऊल काय करतं ते त्यात कुठे दिसतं? डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावणाऱ्यांना सरसकट न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं (२०१४). आत वळणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्याच नाहीत.

ठसेवाला: तो सल्ला माझाच. २०१६ चा लक्झेंबर्गचा अभ्यास सोयीस्कर विसरलात? आत वळणाऱ्या पायांना तिथे आधाराच्या बुटांचाच फायदा झाला. तुमची एक नडगी म्हणजे विज्ञान नव्हे.

अनवाणी४२: दोघांचंही चुकतंय. बूटच नकोत! इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० ला रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली.

सपाटपाऊल: आला बिकिला! १९६४ ला टोकियोत बूट घालून जिंकला, तेही तीन मिनिटं कमी वेळात, ते कोण सांगणार?

अनवाणी४२: बुटांमुळे जिंकला असं म्हणायचंय का? त्याआधी पाचएक आठवडे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं त्याचं. मग तेही काढून घ्यायचं का सगळ्यांनी?

पोटरीग्रस्त: तुमच्यासारख्यांचं ऐकूनच मी बारा मिमी ड्रॉपवरून (बुटाची टाच पंजापेक्षा तेवढी उंच) एका आठवड्यात शून्यावर आलो. पोटऱ्या अशा धरल्या की चार दिवस कठडा धरून जिना उलटा उतरत होतो. शेजारची पोरं हसत होती.

अनवाणी४२: आठवड्यात करा असं कुणी सांगितलं? महिनोन्‌महिने लागतात. उतावळेपणा तुमचा, शिव्या आम्हाला.

काळंनख: मापाचं कुणी बोलतच नाही! अंगठ्यापुढे बोटभर जागा नव्हती, उतारावर दोन नखं काळी पडून गळली. माप संध्याकाळी घ्या, तोवर पाय फुगलेले असतात.

ठसेवाला: नखांचा धागा वेगळा काढा.

काळंनख: तुमचं नख गळलं नाही अजून, म्हणून.

ठसेवाला: बरं बाबा, नुसत्या ठशावर बूट ठरत नाही, मान्य. पण "पायाला बरा वाटला" म्हणणाऱ्यांनी दुकानात किती पळून पाहिलं तेही सांगा. दोन फरश्या?

सपाटपाऊल: गल्लीच्या टोकापर्यंत. दुकानदार मागे धावत आला होता.