लसीच्या साइड इफेक्टचे रिपोर्ट कोणालाही भरू द्यावेत का?

साधा_वाचक
अमेरिकेत १९९० पासून व्हेअर्स म्हणून यंत्रणा आहे, सीडीसी (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) आणि एफडीए (औषधं-लसींना मंजुरी देणारी संस्था) मिळून चालवतात. लस घेतल्यावर त्रास झाला की डॉक्टर, पेशंट, आईवडील कोणीही रिपोर्ट भरू शकतं आणि तो डेटा सगळ्यांना बघता येतो. माझ्या मते हे चुकतंय. लोक तिथला मृत्यूंचा आकडा उचलतात, "लसीने इतके मेले" म्हणून फिरवतात, ते वाचून आईबाप घाबरतात आणि मुलांचे गोवराचे डोस राहून जातात. रिपोर्ट डॉक्टरांनीच भरावा आणि तपासल्याशिवाय बाहेर येऊ नये.

रातराणी
अजिबात पटलं नाही. रोटाशील्ड आठवा, बाळांच्या रोटाव्हायरस जुलाबांवरची लस, ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झालेली. चाचण्यांमध्ये साधारण दहा हजार बाळांना दिली, आतड्यात आतडं शिरण्याच्या मोजक्या केसेस दिसल्या पण तेवढ्यावरून काही ठरत नव्हतं. मग लाखो बाळांना दिल्यावर व्हेअर्सवर रिपोर्ट यायला लागले, जुलै १९९९ पर्यंत १५. फक्त पंधरा! तेवढ्यावर सीडीसीने लस थांबवायला सांगितली आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती मागे घेतली. नंतर धोका साधारण दहा हजारात एक धरला गेला, तो दहा हजारांच्या चाचणीत खात्रीने कसा सापडणार?

साधा_वाचक
पण त्या १५ वरून शंका आली, खात्री पुढच्या अभ्यासांनी झाली ना. नुसत्या रिपोर्टचं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. लाखो म्हाताऱ्या माणसांना लस दिली की पुढच्या आठवड्यात त्यातल्या काहींना हार्ट अटॅक येणारच, लस नसती तरी आला असता.

खडूफळा
बरोबर, म्हणूनच आधी बघायचं की एवढ्या वयाच्या एवढ्या लोकांत एरवी आठवड्याला किती अटॅक येतात, आणि लसीनंतर त्याहून जास्त आलेत का. व्हेअर्सला हे एकट्याने जमत नाही, किती जणांना लस दिली हे त्या रिपोर्टांत नसतंच, त्यासाठी हॉस्पिटलच्या नोंदींवर चालणारी व्हॅक्सिन सेफ्टी डेटालिंक आहे. पण कुठे शोधायचं हे आधी कोणीतरी सांगायला लागतं. एप्रिल २०२१ मध्ये जॉन्सनची कोविड लस थांबवली ती ६८ लाखांवर डोसमध्ये रक्ताच्या गुठळ्यांच्या ६ केसेसवरून, तेही प्लेटलेट कमी असताना गुठळी हा प्रकारच एवढा दुर्मिळ म्हणून लक्षात आलं.

लसवाली_ताई
मी लसीकरणातच काम करते. फक्त डॉक्टरांवर सोडलंत तर बरेच रिपोर्ट यायचेच नाहीत, ओपीडी भरलेली असताना फॉर्म मागे पडतो. आणि आलेल्या फॉर्मात "लस घेतल्यापासून बरं नाही" एवढंच असतं, बॅच नंबर कोरा, ताप किती तासांनी आला ते नाही, आदल्या दिवशी सर्दी होती का तेही नाही. असल्या कागदावरून कोणी काय शोधणार? लोकांना भरू द्या, पण नंतर फोन करून विचारणारं माणूस ठेवा.

साधा_वाचक
ताई, फोनचं मान्य, भरू द्यायलाही आता हरकत नाही. पण मृत्यूचे रिपोर्ट तपास होईपर्यंत बंदच ठेवावेत, तिथे माझं मत तेच.

रातराणी
आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना तोवर काय सांगणार? दडवलंय असं वाटलं की ते कुठलाच अहवाल मानणार नाहीत. आकडा उघडाच असू दे, त्याच्या शेजारी "तपास चालू" की "संबंध आढळला नाही" हे प्रत्येक रिपोर्टपुढे लिहा.