बाबांचं अर्धवट राहिलेलं एअरफिक्सचं सी हॉक, जुना रंग काढू की तसंच ठेवू?

भांडुपचा_पप्या

नमस्कार मंडळी, इथे नुसतं वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात आमची गिरगावातली खोली रिकामी केली, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तर माळ्यावरचं सगळं खाली काढताना चपलांच्या एका खोक्यात एअरफिक्सचं सी हॉक निघालं, म्हणजे सुटे प्लॅस्टिकचे भाग जोडून करायचं लढाऊ विमानाचं मॉडेल, १/७२ वालं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं). बाबांचे मामा मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी सत्तरच्या आसपास कधीतरी लंडनहून आणलेलं. बाबा जाऊन चार वर्षं झाली त्यामुळे विचारायचं कोणाला. आईला दाखवलं तर म्हणे "अगोबाई हे अजून आहे? ते नीट उभंच राहायचं नाही, मग चिडून ठेवून दिलं". बास, एवढीच हिस्टरी.

आता अवस्था सांगतो. बॉडीचे दोन्ही भाग चिकटवलेले, जॉइंटवर गोंदाचे ओघळ. पंख लावलेत. चाकं लावलीत पण डावीकडची दांडी तुटलीय, तुकडा खोक्यात आहे. वरची काच सुटी आहे, नशीब. आणि सगळ्याला ब्रशने जाड चंदेरी रंग फासलाय, तो पण आता पापुद्रे निघतोय. डिकल्स (पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर) हळदीसारखी पिवळी झालीत आणि सूचनांच्या कागदाचा अर्धा भाग कसरीने खाल्लाय.

हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणला होता पण आधी किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले असतात तिच्या तुकड्यावर टाकून बघितला म्हणून वाचलो, पाच मिनिटांत प्लॅस्टिकचं च्युइंगगम झालं. तर रंग काढायचा कसा, की काढायचाच नाही? मला ते आपल्या नेव्हीच्या रंगात करायचंय, जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरचं. विक्रांत म्युझियम होती तेव्हा बाबा मला घेऊन गेले होते, तेव्हा मात्र हे किट घरात आहे असं एका शब्दाने बोलले नाहीत. एअरब्रश नाहीये, वन बीएचके आहे, आणि बाहेर धो धो पाऊस.

दादरचा_जमवाजमव

हात लावू नका. तसंच काचेच्या डब्यात ठेवा. जुन्या एअरफिक्सला बाहेर किंमत आहे, रंग काढलात की संपलं.

रिव्हेट_काका

वरच्या मित्राशी सहमत नाही. किंमत असते ती न उघडलेल्या खोक्याला, पार्ट फ्रेमवर असताना. चिकटवलेल्या, रंगवलेल्या, पाय मोडलेल्या विमानाला कोणी कलेक्टर विचारत नाही. आठवण म्हणून ठेवायचं तर तो वेगळा विषय, तो तुमचा तुम्ही ठरवा, पण "किंमत जाईल" म्हणून घाबरू नका.

आता मुद्द्याचं. पप्या, तुझ्या आईने रोगाचं निदान एका वाक्यात केलंय आणि तुझं लक्षच नाही. "उभंच राहायचं नाही" म्हणजे ते शेपटावर बसत होतं. सी हॉकला नाकाखाली एक चाक आणि मागे दोन. मॉडेलमध्ये नाक पोकळ, शेपूट लांब, सगळं वजन मागच्या चाकांच्या मागे जातं, मग टेबलावर ठेवलं की बसलं कुत्र्यासारखं. बॉडी बंद करायच्या आधी नाकात वजन भरायचं असतं. बाबांनी ते न भरता चिकटवलं असणार, रंग दिला, चाकं लावली आणि मग लक्षात आलं. असं आम्ही सगळ्यांनी एकदा तरी केलंय. मी मिग-२१ शेपटाखाली काडेपेटी लावून दोन वर्षं शोकेसमध्ये ठेवलं होतं.

काच सुटी आहे हे फार बरं झालं. जुन्या किटांत कॉकपिटला फरशी वगैरे भानगड नसते, पायलट आतल्या खुंटीवर नाहीतर छोट्याशा पट्टीवर बसवलेला असतो. तो हळूच काढ, आत टॉर्च मार, नाकापर्यंत वाट मोकळी दिसली तर तिथूनच वजन जाईल. बॉडी फोडायची गरज नाही.

रंगासाठी डेटॉल. हसू नकोस. साधं डेटॉल, पाणी न घालता, झाकणाच्या डब्यात विमान बुडेल एवढं. एक रात्र ठेव, पन्नास वर्षं मुरलेला इनॅमल असेल तर दोन-तीन दिवस. जुन्या टूथब्रशने घासून काढ. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव. आणि हे नीट वाच, बाहेर काढल्या काढल्या नळाखाली धरायचं नाही. सुटलेला रंग पाण्याने डांबरासारखा चिकट होतो आणि रेषारेषांत जाऊन बसतो. आधी ताज्या डेटॉलने धू, रंग पूर्ण गेला की मग भांड्यांचा साबण आणि पाणी. काच मात्र डेटॉलमध्ये टाकू नकोस, तिला नुसतं साबणाचं पाणी.

घासताना वरचे रिव्हेट (पत्र्याच्या खिळ्यांचे उठाव) जातील अशी भीती वाटेल. जाऊ देत. त्या काळच्या साच्यात रिव्हेट असे उठावदार काढायचे की विचारू नका. एक मिलिमीटरचा ठिपका १/७२ ला म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा, वाटी पालथी घातल्यासारखा. अर्धे पॉलिश पेपरने गेले तर विमान खऱ्याच्या जवळच जाईल.

कोळीवाड्याचा_बाळ्या

वजनासाठी काका म्हणतात ते बरोबर. भाऊच्या धक्क्याकडे जाळ्यांचं सामान मिळतं तिथून शिशाचे बारीक मणी घे, स्वस्तात मूठभर येतात. कॉकपिटातून एकेक सोड आणि वरून लाकडाचा पांढरा गोंद ओत, झालं काम. मी नेहमी असंच करतो.

रिव्हेट_काका

बाळ्या, मणी बरोबर, गोंद चूक. शिसं आणि पांढरा गोंद एकत्र बंद जागेत ठेवायचं नाही. गोंदातल्या आम्लाने शिशावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते, ती शिशापेक्षा जास्त जागा घेते आणि काही वर्षांनी मॉडेलचं नाक शिवणीवर उकलतं. आज दिसत नाही, पाच-दहा वर्षांनी दिसतं. अरल्डाइट वापरा, पण एकदम भसकन ओतू नका, जास्त माल एका जागी जमला की जमताना तापतो आणि प्लॅस्टिक वाकडं होतं. थोडं, मग दुसऱ्या दिवशी थोडं.

किती वजन ते आधी बघायचं. मोठ्या चाकांच्या रेषेत खाली पेन्सिल आडवी ठेव, त्यावर विमान, आणि नाकावर बाहेरून कणकेचा गोळा चिकटव. नाक खाली गेलं की गोळा काढून वजन कर, मग आत त्यापेक्षा थोडं जास्तच भर. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, जेवणाच्या टेबलावर हे धंदे नकोत.

कोळीवाड्याचा_बाळ्या

आयला, माझी तीन विमानं आहेत तशी भरलेली 😳 आजच शोकेस उघडून बघतो.

ब्रशवाली_बाई

मी फक्त रंगावर बोलते कारण बाकी काकांनी सांगितलंच आहे.

पप्या, पावसाळ्यात स्प्रेच्या डब्याच्या वाटेला जाऊ नकोस. हवेत एवढा दमटपणा असतो की लॅकर वाळताना पृष्ठभागावर पाणी धरतं आणि सगळं पांढरट, दुधट पडतं. मी जुलैत कॅनबेरा विमानाच्या मॉडेलवर मारलेला क्लिअर कोट बघून रडायची बाकी होते. आता घासकाम, पुटी, पाय जोडणं हे सगळं कर, रंग दसऱ्यानंतर. थांबवत नसेलच तर ब्रशने इनॅमल, पातळ पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस पालथ्या पातेल्याखाली, धूळ बसत नाही.

आपल्या सी हॉकला वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खालून स्काय. हंब्रॉल कंपनीच्या डब्यांमध्ये नंबर १२३ आणि ९०. स्काय नावावर जाऊन आकाशी आणू नकोस, लोक हमखास फसतात. पिस्ता बर्फीत पिस्ता कमी आणि मावा जास्त पडला की जो रंग येतो तो. चंदेरी रंग बाबांनी का दिला असेल? बहुतेक तेवढीच डबी मिळाली असेल, त्या काळात इथे हंब्रॉल शोधायचं म्हणजे काय चेष्टा होती का.

डिकल्स पिवळी झालीत ती खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ऊन देतात, फरक पडतो, पण ती ब्रिटिश नेव्हीची असणार, तुला लागणारच नाहीत. आपल्या विमानांवरच्या गोल चिन्हाला बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डिकल पेपरवर लेझर प्रिंट काढता येते, पण प्रिंटर पांढरा छापत नाही! पारदर्शक कागदावर काढलंस तर गडद ग्रेवर केशरी गायब होणार. पांढरा डिकल पेपर घे आणि गोल कापून लाव, काठ ब्रशने झाक. आणि लावायच्या आधी ग्लॉस कोट हवाच, मॅटवर लावलं की खाली हवा अडकून चमकत राहतं.

रिव्हेट_काका

बाईंनी गोलाचं सांगितलं, त्यात एक भर, नाहीतर नंतर कोणीतरी शहाणा चूक काढेल (म्हणजे मीच). आपल्याकडची काही सी हॉक ब्रिटनहून आली आणि काही पश्चिम जर्मनीच्या नेव्हीने वापरलेली. जर्मनीवाल्यांचं उभं शेपूट जास्त उंच होतं. तुझं किट ब्रिटिश नेव्हीच्या विमानाचं, म्हणजे शेपूट आखूड. तेव्हा नंबर टाकताना फोटो बघून आखूड शेपटाच्याच विमानाचा टाक. गोव्याला गेलास तर वास्कोजवळ नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये खरं सी हॉक उभं आहे, पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धुराडी आहेत ती बघून ये. इंजिन एक, रोल्स-रॉइसचं नीन, पण धूर दोन बाजूंनी बाहेर, त्यामुळे मागे शेपटात भोक नाही. मॉडेलवर तिथेच सगळी शिवण चुकलेली असते.

४ डिसेंबर १९७१ ला युद्धात विक्रांतवरून उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ल्याला गेली ती हीच विमानं, नेव्हीची ३०० स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स. आणि २०१४ ला तीच विक्रांत मुंबईत आपल्या दारुखान्यात (जहाजं तोडतात ती जागा) तोडली, नंतर तिच्या लोखंडाची मोटरसायकल आली बाजारात. असो, त्यावर बोलायला लागलो तर बीपी वाढतं.

भांडुपचा_पप्या

अपडेट, तीन आठवड्यांनी. सगळ्यांचे खूप आभार.

डेटॉलमध्ये अडीच दिवस ठेवलं. रंग सालीसारखा आला, खाली फिकट निळसर प्लॅस्टिक. एक पंख घाईत नळाखाली धरलाच, काकांनी एवढं सांगून, मग तासभर टूथपिकने डांबर काढत बसलो. पाय तुकडा जोडून उभा केला, आत पिन घातलीय. वजन धक्क्यावरून आणलं, कणकेचा गोळा नऊ ग्रॅम भरला, मी आत अकरा घातले. अरल्डाइट तीन हप्त्यांत.

काल रात्री टेबलावर ठेवलं. तिन्ही चाकांवर उभं आहे. आईने बोटाने शेपूट दोनदा दाबून बघितलं, परत नाकावर येतं का ते, आणि म्हणाली "एवढंच करायचं होतं?" आणि आत गेली.

रंग दसऱ्यानंतरच, ब्रशवाली ताई, प्रॉमिस. गोल काढायला फोर्टात एक झेरॉक्सवाला तयार झालाय.

एक शेवटचा प्रश्न, उरलेलं डेटॉल चंदेरी झालंय, जवळजवळ अर्धा लिटर, फेकायचं का?

कोळीवाड्याचा_बाळ्या

फेकतोस कशाला, जुन्या बनियनमधून गाळून ठेव, परत चालतं. पण बाटलीवर मोठ्या अक्षरात लिही, आमच्याकडे भावाने गुडघा खरचटल्यावर लावलं होतं, चार दिवस गुडघा चमकत होता.

(आणि काका, तीनपैकी एका विमानाचं नाक उकललंय. कॅटालिनाचं.)