मदत हवी आहे: मलेनियासाठी फ्लास्कविना टिकणारा बिल्ड (शस्त्रं-साहित्याची जुळणी)

मंडळी, एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधल्या मलेनिया या बॉसला फ्लास्क, म्हणजे हेल्थ भरणारी बाटली, न वापरता हरवायचंय. तिचा वार ढालीवर झेलला तरी तिची हेल्थ भरते, त्यामुळे ढालीआड लपणं मला पटत नाही. दोन उचिगाताना (कटाना तलवारी) घेतल्यात, कारण त्यांच्या वारांनी होणारं ब्लीड, म्हणजे रक्तस्राव, तिच्यावर चालतं. गॉडस्किन स्वॅडलिंग क्लॉथ हा टॅलिस्मन (अंगावरचा ताईत) सलग वारांवर हेल्थ देतो, तेवढाच खरा आधार. ब्लेस्ड ड्यू टॅलिस्मनचे सेकंदाला 2 एचपी (हेल्थचे पॉइंट) तिच्या वॉटरफाउल डान्स या सलग वारांच्या हल्ल्यापुढे कुठे पुरणार? टेकर्स कॅमिओ हा हेल्थ देणारा टॅलिस्मन तर शत्रू मेल्यावरच चालतो!

आता अडलंय सेप्पुकूवर, म्हणजे तलवार स्वतःलाच खुपसण्याच्या स्किलवर. त्याने ब्लीड वाढतं, पण माझीच हेल्थ जाते. ते सोडून बुचरिंग नाइफ, म्हणजे वार लागला की हेल्थ देणारी जड कुऱ्हाड, घ्यावा का? कटानांचा झपाटा जाईल, याचंच वाईट वाटतं. शनिवारी कोथरूडला आम्ही काहीजण खेळायला जमतोय; पुण्यातलं कुणी येऊन दाखवलंत तर फार बरं होईल.