व्हीआरमध्ये गरगरू नये म्हणून दृश्याच्या कडा किती झाकाव्यात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासाठी रायगडाची व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून बघायचं आभासी जग) फेरी तयार करतेय. रोपवेने वर जाता येतं, पण पुढे राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर हे सगळं पायीच. गुडघे दुखणाऱ्यांना तेवढंही झेपत नाही. त्यांना गड नीट दाखवायचाच, असं मनापासून वाटतं.

हेडसेट मेटाचा क्वेस्ट ३, काम युनिटीत (गेम आणि व्हीआर बनवायचं सॉफ्टवेअर). सगळे साध्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघतात. मान फिरवून इकडेतिकडे बघेपर्यंत कुणालाच काही होत नाही. कंट्रोलरची काडी पुढे ढकलून चालायला लागलं की त्रास सुरू. होळीच्या माळावर निभावतं, पण बाजारपेठेत दोन्ही बाजूंची उंच जोती सरकायला लागली की मळमळतं. परवा एका काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला, कपाळावर घाम, डोळे मिटलेले. घाटात गाडी लागते तसंच झालं म्हणाल्या.

कारण कळतंय. डोळे म्हणतात चाललोय, आतल्या कानातलं तोलाचं इंद्रिय म्हणतं बसलोय. त्यात आपण पुढे जातोय हा भास नजरेच्या कडेला सरकणाऱ्या गोष्टींनी फार वाढतो, म्हणून बाजारपेठच जास्त लागते. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फर्नांडिस आणि फायनर यांनी हालचाल सुरू झाली की दृश्याच्या कडा हळूहळू झाकायच्या, थांबलं की उघडायच्या, असा प्रयोग केला. त्रास कमी झाला आणि बहुतेकांना कडा झाकल्याचं जाणवलंही नाही. गूगल अर्थच्या व्हीआरमध्येही अशी सोय आहे.

मी युनिटीच्या एक्सआर इंटरॅक्शन टूलकिटमधलं टनेलिंग व्हिनेट, म्हणजे चालताना कडा काळ्या करणारं झाकण, लावलंय. अपर्चर, म्हणजे मधली उघडी जागा, ०.७ ठेवलं (१ म्हणजे पूर्ण उघडं) तर काहींना अजून गरगरतं. ०.५ केलं की मळमळ बरीच थांबते, पण "अगं, नळीतून बघितल्यासारखं वाटतंय, दोन्हीकडची दुकानं कुठायत?" अशी तक्रार येते. ती रास्तच आहे, दुकानांच्या रांगा बघायलाच तर आलेत. पायऱ्यांवर पायाखालचंही दिसेनासं होतं.

व्हिनेट सतत एकाच मापाचं ठेवायचं की वेगाप्रमाणे बदलायचं? खालची बाजू उघडी ठेवली तर चालेल का? टेलिपोर्ट, म्हणजे न चालता एकदम पुढच्या जागी उडी, मला शक्यतो नकोय, चालत गेल्याचा अनुभव त्यात राहत नाही. वृद्ध माणसांसोबत कुणी हे केलं असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद १

ताई, वेगाप्रमाणेच बदला. सरळ संथ चालीला ०.७ पुरेल, वळताना मात्र ०.५ पर्यंत आणा, कारण काडीने गर्रकन वळणं सगळ्यात वाईट. फेदरिंग (कडेचा धूसरपणा) वाढवा, म्हणजे काळी कड बोचत नाही. ईज इन आणि ईज आउट (कड मिटायला आणि उघडायला लागणारा वेळ) दोन्ही थोडे लांबवा. झटक्यात मिटणारी कड लगेच नजरेत भरते. खाली जमीन दिसू देणं चांगलंच, तसे प्रयोगही झालेत. त्यासाठी व्हिनेटचा आकार मात्र स्वतः बदलावा लागेल.

पण नुसत्या व्हिनेटवर विसंबू नका. चाल एकाच वेगाची ठेवा. सुरुवात-शेवटाला हळूहळू वेग वाढवणं-घटवणं टाळा, वेग बदलत राहिला की जास्त लागतं. चालताना कॅमेरा पावलागणिक वरखाली होत असेल तर ते आधी काढा. पायऱ्यांच्या जागी अदृश्य उतार टाका, नजर सरळ रेषेत चढू-उतरू दे. टेलिपोर्ट फक्त पायऱ्यांपुरता ठेवलात तरी बाजारपेठेतलं चालणं तुमच्याकडे राहतंच.

आणि प्लास्टिकची खुर्ची बदला. हात असलेली, गोल फिरणारी खुर्ची घ्या आणि काडीने वळणं बंदच करा. माणूस स्वतः वळला की कानालाही ते वळण कळतं, मग भांडणच उरत नाही. फक्त खुर्चीची चाकं काढून टाका, आजी-आजोबा उठताना ती मागे सरकायला नको. प्रत्येकाला हेडसेट चढवताना भिंगांमधलं अंतरही जुळवून द्या, बरेच जण ते तसंच सोडतात.

सुरुवात माळावर करा, बाजारपेठ शेवटी. घाम किंवा जांभया सुरू झाल्या की हेडसेट लगेच उतरवा, "अजून थोडंसंच राहिलंय" म्हणून बसवून ठेवू नका.